पेटी पोचली

किल्ली पुन्हा टोचली. मोटार खड्ड्यात आदळली की करगोट्याला बांधलेली ती पितळी किल्ली सदऱ्याच्या आत बेंबीशेजारी टोचायची, आणि केवलरामला वाटायचं, ही आता मुद्दाम करते आहे... दुसरं कामच काय उरलं आहे तिला? कुलूप एका गावात, किल्ली दुसऱ्या गावात, आणि मधे कोहमाऱ्याकडे जाणारा हा रस्ता, त्याच्यावरची ही धूळ, शेजारी घोरणारा हा तेंदूपत्त्याचा मुनीम, आणि मांडीवर थैली.

"थैली ऊपर डाल दूँ, भैया? जगह नहीं है," क्लीनर दुसऱ्यांदा म्हणाला.

"राहू दे."

"सोना है क्या उसमें?"

सोनं कुठलं. एक पंचा आणि एक धोतर. धोतर कशाला घेतलं, हे त्यानं स्वतःला अजून विचारलं नव्हतं; धुळीनं अंगावरचं खराब होतं म्हणून घेतलं, असं सकाळी म्हणून टाकलं होतं, आणि खोलीत दुसरं कुणी नसल्यामुळे ते खरं आहे की नाही, हे तपासायलाही कुणी नव्हतं. पण थैली वर जाणार नव्हती. एकदा दिली होती परक्याच्या हातात आपली वस्तू. पुरे झालं तेवढं. आता जन्मात कुठं गेलो तर मांडीवर मावेल तेवढंच घेऊन जाईन, बाकीचं मागे राहिलं तर राहिलं.

हसू आलं त्याला. मागे राहायला होतं तरी काय?

विमानात बसलेला माणूस होता तो. गोंदियात लाखेच्या वखारीत काम करणारा केवलराम, ज्याचा बाप आमगावच्या पलीकडे बैल घेऊन गेला नव्हता, तो नागपूरहून विमानात बसून कलकत्त्याला गेला होता. शेठ म्हणाले, रेल से जाओगे तो बाजार उठ जाएगा, हवाई जहाज से जाओ, नमुना हाथ से मत छोड़ना, और हाँ, पेटी ढंग की ले जाना, वहाँ बोरा लेके मत खड़े हो जाना. लाखेच्या नमुन्याची पिशवी त्यानं जाताना-येताना पोटाशी धरून ठेवली. जेवतानासुद्धा सोडली नाही. आणि पेटी... पेटी विमानात चढण्याआधी गणवेशातल्या माणसानं मागितली, यानं मुकाट्यानं दिली. शेठचं ते मांडीवर, आपलं ते वाऱ्यावर. शाबास, केवलराम.

आणि आपलं तरी कसं म्हणायचं? पेटी बायकोची होती. घरात ढंगाची म्हणावी अशी ती एकच. हिरवी, झाकणावर गुलाबाचं फूल, आणि फुलाच्या खाली पिवळ्या अक्षरांत मोठं नाव: रुख्मा, मौजा पिपरटोला, कोहमारा. आंदणात आलेली. इकडे आंदणाच्या पेटीवर मुलीचं नाव आणि माहेरचं गाव घालतात, आणि ते कुणी खोडत नाही. नाव खोडलं, की मुलगी खोडली. आणि पेटी परत माहेरी गेली, तर मग बोलायलाच नको. पंचांसमोर काडी मोडायचीसुद्धा गरज नाही, पेटी दारात टेकली की गाव समजतं.

भावजयीच्या बाळंतपणाला म्हणून ती गेली, तेव्हा हातात एक थैली होती, बस. तो म्हणाला होता, पेटी नाही नेत? ती उंबऱ्यात वळून म्हणाली होती, "पेटी इथंच हाय ना." किती साधं वाक्य. त्यानं ते ऐकलं आणि कामावर गेला. बाळंतपण उरकलं, बारसं झालं, पोर रांगायला लागलं असेल. हिला काय, रस्ता माहीत नाही? येईल की. तिकडे ती वाट बघत असणार, न्यायला येतील. आणि न्यायला जायचं म्हणजे सासऱ्यासमोर ओसरीत बसायचं आणि म्हणायचं... काय म्हणायचं? घर खायला उठतं म्हणायचं? संध्याकाळी वखारीतून परतताना पाय आपोआप लांबच्या रस्त्यानं जातात, म्हणायचं? भात एकाचा रांधताच येत नाही, उरतो, आणि उरलेला सकाळी कावळ्याला घालताना मी कावळ्याशी बोलतो, म्हणायचं? पुरुषमाणसानं?

तर दोनदा धान कापून झालं आणि पेटी कोपऱ्यात राहिली.

कलकत्त्याला जाताना त्यानं ती उघडली. वर रिकामी जागा होती, खाली तिची दोन लुगडी, कुंकवाचा करंडा, घडीघडीत कडुनिंबाचा सुकलेला पाला. ते काढून ठेवता आलं असतं. पण काढलं असतं तर घडी मोडली असती, आणि तिच्यासारखी घडी त्याला काही केल्या घालता आली नसती. म्हणून त्यानं आपली धोतरं वरच ठेवली, आणि तिची लुगडी त्याच्या धोतरांखाली निजून कलकत्त्याला गेली. तिथल्या लॉजमध्ये झाकण उघडलं की पाल्याचा कडू वास यायचा. तो झाकण लगेच लावत नसे. बांगड्यांच्या एका दुकानासमोर बराच वेळ उभा राहिला होता तो... दुकानदारानं माप विचारलं. माप. इतकी वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या हाताचं माप माहीत नाही, आणि कलकत्त्याचा दुकानदार वाट बघतो आहे. नंतर येतो म्हणाला आणि निघून गेला.

परतताना नागपुरात घोटाळा झाला. चारी दिशांची विमानं रात्रीची तिथं एकत्र येतात, टपालाच्या पिशव्या इकडून तिकडे होतात, माणसं इकडून तिकडे होतात, आणि त्या गर्दीत त्याची पेटी मद्रासच्या विमानात चढली असावी. असावी, म्हणजे हा कचेरीतला मागाहूनचा अंदाज. तेव्हा एवढंच कळलं की सगळ्यांचं सामान आलं आणि आपलं नाही. तो नमुन्याची पिशवी धरून उजाडेपर्यंत तिथंच उभा राहिला.

मग ती कचेरी. टेबलामागे चष्म्यातला एक बाबू, मागे रांग, रांगेत अत्तर लावलेली एक बाई.

नाव?

केवलराम.

केवलराम नावाची पेटी कुठं नाही. चिठ्ठी गळून पडली असेल. पेटीवर दुसरं काही नाव घातलंय?

आणि इथं... इथं माझी जीभ टाळूला चिकटली. होय, माझीच, दुसऱ्या कुणाची नाही. बायकोचं नाव. ते मी तोंडानं कधी घेतलं होतं? लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, तेही अडखळून, आणि बायका इतक्या हसल्या की पुढं कधी घेतलंच नाही. घरात "अवं" म्हटलं की भागायचं. "आयकते का" म्हटलं की भागायचं. आमच्याकडे कुणीच घेत नाही. आता या बाबूसमोर, या अत्तरवाल्या बाईसमोर, रांगेसमोर म्हणू, रुख्मा? आणि तो म्हणेल, ही कोण, आणि मी म्हणू बायको, आणि तो म्हणेल, त्या कुठं आहेत?

"नाव नाही," तो म्हणाला. "हिरवी हाय. गुलाब हाय वर."

"हिरव्या पेट्या रोज येतात," बाबू म्हणाला. "पुढचे."

झालं. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द उच्चारला नाही आणि पेटी मद्रासहून फिरत फिरत परत आली, तेव्हा कुठल्यातरी शहाण्यानं झाकणावरचं नाव वाचलं आणि जिथलं नाव तिथं नेऊन घातली. चूक कुणाची म्हणायची? विमानवाल्यांनी तर पत्त्यावर पोचवली.

शिमग्याच्या बाजारात तिचा भाऊ सुखराम भेटला. बसला नाही, चहा घेतला नाही. "भाऊजी, पेटी पोचली," एवढं म्हणाला आणि याच्या तोंडाकडे बघत राहिला. आणि केवलराम म्हणाला, "बरं."

बरं! अरे, बरं काय? मी पाठवली नाही म्हणायचं होतं. ती हरवली होती म्हणायचं होतं. पण विमानवाल्यांनी पाठवली म्हटलं असतं तर सुखराम भर बाजारात हसला असता. काडी मोडायला लोक पंच बसवतात, हा विमान लावतो. आणि तसं बघितलं तर... तसं बघितलं तर क्षणभर, एक क्षणभरच, सुटल्यासारखंही वाटलं होतं. आता कुणाची वाट बघायला नको. त्याच संध्याकाळी लांबचा रस्तासुद्धा पुरला नाही. घरी येऊन तो पेटीच्या जागी बसला. जमिनीवर चौकोन होता, बाकीच्या सारवणापेक्षा काळसर. त्या चौकोनात तो बसून राहिला आणि तिथं बसूनच त्याला कळलं की सगळं संपतंय, आणि ते संपायला नको आहे.

तरी मोहफुलं पडून गेली, वेचून झाली, तेंदूपत्त्याच्या गाड्या लागल्या, तेव्हा कुठं तो निघाला. तोही किल्लीच्या जोरावर. पेटी परत करणारा माणूस किल्लीही देतो, हातावर ठेवतो, तशीच रीत आहे. त्यानं किल्ली दिली नव्हती. एवढा एकच साक्षीदार त्याच्या बाजूनं होता, आणि तो पोटाला टोचत होता.

*

पिपरटोल्यात कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं. मनिराम, तिचा बाप, ओसरीत दोर वळत बसला होता. हा वाकून पाया पडला आणि थैली मांडीवर घेऊन टेकला. म्हाताऱ्यानं दोर खाली ठेवला नाही.

पेटी ओसरीतच होती. आत नेली नव्हती. म्हणजे घेतली नाही? की ठेवायला आत जागा नाही? तिच्याखाली चार विटा होत्या, वाळवी लागू नये म्हणून. वर पोतं होतं. कडेला परक्या लिपीतले शिक्के होते, एक कोपरा चेपला होता, पण झाकणावर जिथं नाव होतं तिथं धुळीचा कण नव्हता. कुणीतरी रोज पुसत होतं.

"मामाजी, हे मी..." सगळ्या रस्ताभर घोकलेलं वाक्य आणि ते तिथंच अडलं.

"इमानानं आली मनते," मनिराम आभाळाकडे मान करून म्हणाला.

"हो जी."

"कुठी गेली होती?"

"मद्रासले."

म्हाताऱ्यानं दोराला पीळ दिला. "आमी साऱ्या जन्मात नागपूर पायलं नाई. अन् पोरीची पेटी मद्रास पाहून आली." मिशीत हलल्यासारखं काही झालं, की नाही झालं, कळलं नाही. मग तो उठला, बैलाकडे जातो म्हणाला, पण अंगणातच रेंगाळत राहिला.

दारात ती उभी होती. हातात पाण्याचा लोटा. वाळली होती. की आधीपासून अशीच होती आणि मी बघितलंच नव्हतं? तिनं लोटा पेटीशेजारी ठेवला, त्याच्या हातात दिला नाही. त्याचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं. माप घ्यावं म्हणून त्यानं नीट बघितलं, आणि नजरेनं काही माप घेता येईना.

"मी पाठवली नाही," तो पेटीकडे बघून म्हणाला.

"मले मालूम हाय."

एवढं सोपं? त्यानं वर बघितलं.

"किल्ली नोहोती ना संगं," ती म्हणाली. "बाबा मनत होते, मोडली त्यानं काडी. मी मनलं, किल्ली कुठी हाय? किल्ली आल्याबिगर पेटी घरात नाई घ्याची."

म्हणजे तिला ठाऊक होतं. शिमग्यापासून ठाऊक होतं. तो इकडे चौकोनात बसून रात्री काढत होता आणि इथं ती या विटांवरची पेटी पुसत... सगळं निस्तरलं, असं वाटून तो हसणारच होता.

"मंग झालं तर," तो म्हणाला.

"काय झालं?" तिचा आवाज चढला नाही. "पेटीले ना डोये ना पाय. ते मद्रासहून घर धुंडत आली. तुमी गोंदियाहून नाई आले."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज सुरू झाला.

तो बसून राहिला. रागावली असती तर उत्तर होतं. विमानाचं, बाबूचं, मद्रासचं, सगळ्यांचं उत्तर तयार होतं. पेटी हरवली तेव्हा तो नागपूरच्या कचेरीत तरी गेला होता, रांगेत तरी उभा राहिला होता, आणि हिच्यासाठी... हिच्यासाठी कुठल्या रांगेत उभा राहिलो मी? पोटाला किल्ली टोचत होती. ती आता साक्षीदार वाटेना, नुसती किल्ली वाटू लागली. काढून पेटीवर ठेवली, तर देऊन टाकली असं होईल. नाही ठेवली, तर पेटी इथंच विटांवर राहील, आणि तो पुन्हा त्या मोटारीत.

लांब रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. परतीची हीच शेवटची.

"मुक्काम हाय, का जाता जी?" मनिरामनं अंगणातून विचारलं.

केवलरामच्या ध्यानात आलं की थैली अजून मांडीवरच आहे, दोन्ही हातांनी धरलेली, शेठच्या नमुन्यासारखी. त्यानं ती खाली ठेवली. पेटीला टेकवून ठेवली. हात एकदम रिकामे झाले, आणि त्या रिकाम्या हातांची त्याला भीती वाटली.

"रुख्मा," तो म्हणाला.

मोठ्यानं म्हणाला, आतपर्यंत जाईल असं. अंगणात म्हातारा वळून बघू लागला. शेजारच्या कुडावरून कुणाचं तरी डोकं वर आलं. आत भांड्यांचा आवाज थांबला. भोंगा पुन्हा वाजला, आणि केवलराम त्या थांबलेल्या आवाजाकडे तोंड करून बसला होता, पुढचं वाक्य शोधत, आणि ते त्याला माहीत नव्हतं.