वाटेत आडवी पडलेली मानाची काठी

मी बोलतेय ती डोंगरातल्या वायरापाता गावच्या शाळेची मानाची काठी. उंचीने शाळकरी पोराच्या खांद्याएवढी, रंगाने काळीभोर, गळ्यात चकचकीत पत्र्याची कडी. मी ज्याच्या हातात, तो त्या वर्षी शाळेतल्या मुलांचा मुखिया. त्यामुळे मला थोडी घमेंड आहे, हे आधीच सांगून टाकते. ऐकताना तेवढं सांभाळून घ्या.

माझं लाकूड डोंगराखालच्या जंगलातलं, ताडाचं. गावच्या मुखियांच्या मोठ्या काठ्याही त्याच लाकडाच्या. अशीच एक मोठी काठी घडवताना सातुर्निनो सुतारांकडे एक तुकडा उरला. त्यांची बायको म्हणाली, "पळी करा त्याची, माझी जुनी जळलीय." म्हातारा तासत राहिला. पळी होता होता मी वाचले आणि शाळेत गेले.

आमच्याकडे काठीचे नियम कडक असतात. तिला भिंतीला टेकवून उभी ठेवायची. ती आडवी दिसली, तर कोणीही ओलांडायची नाही. सणाच्या दिवशी झिंगून घरी चाललेला गडीसुद्धा काठी बघून वळसा घालतो. आणि नव्या वर्षी ज्याच्या हाती काठी येते त्याच्या घरी मक्याची चिचा, म्हणजे आंबवलेली दारू, गाळली जाते. नवा मुखिया ती स्वतः सगळ्यांना वाढतो आणि उरली तर शेवटी आपण पितो. मुलांच्या समारंभात चिचेऐवजी गवती चहा असतो, एवढाच फरक.

मी अनेक पोरांच्या हाती राहिले. एकाने माझ्यावर घोडा घोडा केला, एकाने पेरू पाडले, एक पोरगी तर मला उशाशी घेऊन झोपायची. मग निल्दाची पाळी आली. निल्दा सहावीतली. हुशार, चटपटीत आणि तोंडाने जरा फटकळ. शाळा उघडून आठवडाही झाला नव्हता, तोच ती साथ आली आणि शाळेला कुलूप लागलं. दोरिस बाई खाली शहरात अडकल्या. टेकडीवर जिथे फोनला आवाज येतो तिथे उभं राहून निल्दाने त्यांचं बोलणं ऐकलं.

"रोज सकाळी रेडिओवर धडे लागतील," बाई म्हणाल्या. "सगळ्यांकडे रेडिओ नाही. तुझ्या अंगणात बसवशील ना मुलांना? तू मुखिया आहेस, बाळ."

निल्दाचा ऊर भरून आला. माझाही आला, खोटं कशाला बोलू?

अंगणात वर्ग भरू लागला. एकेक मूल एकेका दगडावर, एकमेकांपासून लांब. मधोमध रेडिओ, रेडिओशेजारी निल्दा, निल्दाच्या हातात मी. तिचा धाकटा भाऊ पर्सी शाळेत जायच्या वयाचाही नव्हता, पण तोही ऐटीत बसायचा. सेल उतरले की त्यांना उन्हात तापवायचं काम त्याच्याकडे. एका आठवड्यात रेडिओवर नेतृत्वाचा धडा लागला. नेता नियम ठरवतो, नेता शिस्त राखतो, असं रेडिओतल्या बाई गोड आवाजात सांगत होत्या. निल्दाने तेवढं नेमकं उचललं. पुढचं ती ऐकत नव्हती, कारण ती पोरांना गप्प बसवत होती.

त्याच दिवसांत गावच्या मुखियांनी, त्यात निल्दाचे बाबाही होते, खालच्या रस्त्यावर आपल्या मोठ्या काठ्या आडव्या ठेवल्या होत्या. बाहेरचा माणूस आत नको, आजार आत नको. निल्दाने ते पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी रेडिओवर शाळेची धून सुरू झाली आणि निल्दाने मला अंगणाच्या तोंडाशी, दोन दगडांवर आडवी ठेवली.

"धून वाजल्यावर आला तो बाहेर," तिने जाहीर केलं.

फ्लोरा उशिरा आली. ती रोजच उशिरा यायची, कारण आधी तिला मेंढरं कुरणाला लावावी लागायची. चौथीतली किडकिडीत पोर, धावत आलेली, धापा टाकत होती. मला पाहून ती जागच्या जागी थांबली.

"निल्दाताई, काठी उचल ना."

"वेळेवर यायचं."

"मेंढी अडली होती गं. मी काय करू?"

"मग मेंढीलाच विचार आजचा धडा!" पोरं हसली. फ्लोरा थोडा वेळ उभी राहिली. मला ओलांडायची तिची छाती झाली नाही, मग ती मागे फिरली. असं आणखी दोनदा झालं. त्यानंतर ती आलीच नाही. मी मात्र दगडांवर ऐसपैस पडून होते. माझ्यामुळे कोणीतरी थांबतं, याचं मला कौतुक वाटत होतं.

मग बातमी आली. फ्लोराचा बाप एलेउतेरिओ म्हणाला होता, "शिकून झालं. दारात उभं करतात, तिथे कशाला जायचं? वर लोकरीच्या अल्पाकांचा कळप राखायला तिच्या आत्याला माणूस हवंच आहे." येत्या रविवारी तो फ्लोराला बर्फाजवळच्या कुरणात पाठवणार होता. तिथून पोरं शाळेला परत येत नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

बाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी एकेकाची चौकशी केली. "आणि फ्लोरा?"

"ती उशिरा येते, बाई. मी शिस्त लावतेय."

"निल्दा, तिसरी संपत आली तरी तिला वाचता येत नव्हतं. आत्ता कुठे अक्षर जुळायला लागलं होतं," बाई म्हणाल्या आणि फोन तुटला.

घरी आई, हुस्तिना, मागावर विणत बसली होती. निल्दाने तणतणत सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "बाबांनीपण रस्त्यावर काठी आडवी टाकलीच होती की! त्यांना कोणी बोललं नाही."

हुस्तिनाने धागा सोडला. "बाबांनी काठी टाकली, ती तू पाहिलीस. संध्याकाळी ते पातेलं घेऊन कुठे जातात, ते पाहिलंस का?"

"कुठे?"

"लिमा शहरातून चालत आलेली आपलीच माणसं, आजार पसरू नये म्हणून, शाळेत वेगळी ठेवलीत. त्यांच्या दाराशी सूप ठेवून येतात, रोज. त्यांचं पोट भरल्यावर मग घरी येऊन उरलेलं खातात. रस्ता बंद केला म्हणजे काम संपलं असं वाटलं होय तुला? खरं काम तिथून सुरू होतं, बये." आणि मग जरा हसून, "एवढी मोठी मुखिया झालीस, पण उकडलेल्या मक्यात सगळ्यात आधी हात तुझाच असतो. मी बघते हं इथून."

निल्दा रडली. रागाने आधी, मग खरंखुरं. मला तिने कोपऱ्यात उभी केली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. हे मला फार लागलं, म्हणून स्पष्ट सांगते. शनिवारी सकाळी निल्दाने पाठीवरच्या कापडात रेडिओ बांधला, एका हातात बटाट्यांची पुरचुंडी घेतली, दुसऱ्या हाताने पर्सीला धरलं आणि ती निघाली. मी कोपऱ्यातून वाट बघत होते. तिने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

जे घडलं ते मला पर्सीच्या तोंडून कळलं. दिसेल त्याला तो सांगत सुटला होता.

"फ्लोरा दगडावर बसली होती. ताईकडे बघेचना! म्हणाली, काठी कुठाय तुझी? ताई म्हणाली, घरी. फ्लोरा म्हणाली, का? तर ताई म्हणे, हातात मावली नाही. मग ताई म्हणाली, मी चुकले, ये ना गं. फ्लोरा म्हणाली, मेंढरं कोण बघणार, तुझा रेडिओ? तर ताई म्हणाली, पर्सी बघेल. मी!"

"मग बघितलीस?" आईने विचारलं.

"एक पळाली. पण मी आणली परत!"

एलेउतेरिओ जवळच गोफण विणत बसला होता. आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवत होता, पण पर्सीच्या सांगण्याप्रमाणे रेडिओतल्या बाईंनी गणित विचारलं तेव्हा उत्तर त्यानेच आधी दिलं, आणि तेही चुकीचं. फ्लोराने ते दुरुस्त केलं. बाप तिच्याकडे बघतच राहिला. निघताना निल्दाने त्याला विचारलं, "काका, सोमवारपासून वर्ग इथेच भरवला तर चालेल? उतारावरच्या दगडी कोंडवाड्यापाशी? तिला मेंढरं सोडून यावं लागणार नाही."

"एवढी चढण चढून पोरं येतील?" तो म्हणाला.

"मी आणीन."

तो गोफण विणत राहिला. "बघू," म्हणाला. पण रविवारी आत्याकडे एलेउतेरिओ एकटाच गेला.

तेव्हापासून वर्ग वर भरला. निल्दा सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा करायची. चढणीवर ती सगळ्यांच्या मागे असायची, कारण दमून रेंगाळणारं पोर मागेच राहतं. मका सगळ्यांना वाटून झाला की उरलेला ती खायची, कधीकधी काहीच उरायचं नाही. हेही मला पर्सीनेच सांगितलं. मी तोवर कोपऱ्यात होते. एक कोंबडी माझ्यावर बसायला शिकली होती आणि माझी कडी पार काळवंडली होती. मानाची काठी म्हणे!

पुढे रस्ता उघडला, बाई आल्या, शाळेचं कुलूप निघालं. फ्लोराने सगळ्यांसमोर एक आख्खं पान वाचलं, अडखळत, पण शेवटपर्यंत. निल्दा कधीच मोठ्या शाळेत गेली. आता मी वर्गाच्या खिडकीशी टेकून उभी असते आणि दर नव्या वर्षी एक नवा हात मला उचलतो. हात छोटा असतो, घट्ट धरतो, आणि त्यातली ऐट मला लगेच कळते, कारण ती माझीच आहे.

अशा प्रत्येक मुलाला मला एकच सांगायचं असतं, आणि मला तोंड नाही म्हणून इथे सांगते. बाळा, मला हातात घेतलंस की आधी वर्गात नीट बघ, कोण आलं नाही. कोणाची जागा रिकामी दिसली तर मला आहे तिथेच भिंतीला टेकव आणि त्या मुलाला आणायला जा. हात मोकळे ठेव. मी कुठे जात नाही.