बँकेच्या कुलपातली मशीन

बालमित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, आणि न पाहण्यातच तुमचं भलं आहे. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत त्यांचं रक्त धुऊन देणारी मी एक जुनी डायलिसिसची मशीन. रायपूरच्या एका सरकारी दवाखान्यात, काचेचं दार असलेल्या खोलीत मी उभी आहे. मी धडधाकट आहे. वीज आहे, पाणी आहे. तरीही दाराला बाहेरून कुलूप आहे, आणि बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या पेशंटला, दिवाकररावांना, श्वास पुरत नाही. म्हणून माझी कहाणी घाईघाईनं सांगते, राग मानू नका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. जहाजातून, मग ट्रकमधून हादरे खात मी इथे पोचले तेव्हा राज्य नवं होतं, राजधानी नवी होती आणि जिकडेतिकडे ताज्या रंगाचा वास होता. खोलीवर पाटी लागली, फीत कापली, पेढे वाटले. उपचार फुकट मिळणार म्हटल्यावर टाळ्या कडाडल्या. मला वाटलं, मी सरकारची! पण मला जागेवर सरकवताना कंपनीचा एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "संभाल के, भैया. अपनी थोड़ी है, बैंक की है." सरकारनं हे काम एका कंपनीला ठेक्यानं दिलं होतं, आणि कंपनीनं आम्हा मशीनींना कर्ज काढून आणलं होतं. कर्ज फिटेपर्यंत आम्ही तारण. उधारीच्या दागिन्यांत नवरी बोहल्यावर चढावी तशी माझी गत होती.

काम मात्र मी झकास केलं. सगळ्यात लाडका पेशंट म्हणाल तर दिवाकरराव. इथल्या पंडरीच्या कापडबाजारात उभं आयुष्य तागे उलगडण्यात गेलेलं. पलंगावर पडले की मला म्हणायचे, "चला लॉन्ड्रीवाली बाई, एक डाग राहू देऊ नका." त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई शेजारी स्टुलावर बसून त्यांना दटावायच्या, "गुमान पडा न जी. तिले काम करू द्या." मला चालवणारा शिशिर या दोघांना काका-काकूच म्हणायचा. येताना सुकलेले काका जाताना हसत जायचे. अशा वेळी मला माझा फार अभिमान वाटायचा.

मग दिवस फिरले. सरकारकडून कंपनीचे पैसे रखडले. कंपनीनं जुनं कर्ज फेडायला नवं काढलं, आणि तेवढ्यातच आणखी चार गावांचे ठेकेही घेतले. अंथरूण पाहून पाय पसरावे हे शहाण्यांना कोण सांगणार? आधी खोलीतला एसी बंद पडला. मग पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे भाग बदलणं थांबलं, आणि त्या अशुद्ध पाण्यानं दिवाकररावांना पलंगावरच थंडी वाजून यायला लागली. माझ्या बहिणी एकेक करून बिघडल्या. त्यांना दुरुस्त करायला कोणी आलं नाही. चालू अशी मी एकटीच उरले. शिशिरचा पगार थांबला तरी तो येत राहिला. "मी नाही आलो तर काकांले कोण सुई लावन?" असं तो म्हणायचा. मी भोंगा वाजवून वाजवून थकले, पण माझा भोंगा कंपनीच्या ऑफिसात थोडाच ऐकू जातो?

आणि यंदाची खंडेनवमी आली. नेमकी त्याच सकाळी दिवाकररावांची दर दोन-तीन दिवसांनी येणारी पाळी होती. प्रमोदिनीबाई हळदकुंकू आणि झेंडूची फुलं घेऊन आल्या. त्यांचे वडील रेल्वेच्या वॅगन कारखान्यात होते. नवमीला ते हातोडी-पान्यांची पूजा करायचे आणि दिवसभर त्यांना हात लावायचे नाहीत.

"काकू, मशीन लावून घेऊ का काकांले?" शिशिरनं विचारलं.

"आज नोको रे. पूजा केल्यावर अवजार चालवत नाहीत. हिच्यावर तं आमचं घर उभं हाय. एक दिवस तिलेबी आराम दे."

"काकांच्या पायावर सूज दिसून राहिली. अंगात पाणी साचून राहिलं."

"थोडीशीच हाय," दिवाकरराव म्हणाले. "लॉन्ड्रीवालीले सुट्टी देऊन टाक. उद्या दसऱ्याची सुट्टीच हाय, परवा सकाळीच येतो."

शिशिर घुटमळला, पण काकूंचे जोडलेले हात पाहून त्यानं सुई परत ठेवली. मित्रांनो, मला कुंकू लागलं, फूल लागलं, आणि मी आतल्या आत ओरडत होते की मला आराम नको! मला फक्त काम द्या! पण माझ्या मालकिणीसारखी माझी पूजा करणाऱ्या त्या बाईला कसं ठाऊक असणार की मी त्यांची नाहीच?

आज दसऱ्याचा दुसरा दिवस. शिशिरनं सकाळी पाणी सुरू केलं, नळ्या जोडल्या. दिवाकरराव उशा पाठीशी घेऊन बसले होते, आडवं पडलं की धाप लागत होती. सुई टोचायच्या आत बँकेचा वसुलीवाला विशाल पोलिसाला घेऊन आत आला आणि जप्तीचा कागद दाखवून मला बंद करायला लागला.

"काहून बंद करून राहिला, बेटा?" प्रमोदिनीबाईंनी त्याचा हात धरला. "चार घंटे दे. मंग खुशाल घेऊन जा."

विशालला मराठी कळत होती, पण तो हिंदीत बोलला. "आंटी, कंपनी ने किस्त नहीं भरी. मशीन चालू रही तो मेरी नौकरी जाएगी." बोलताना त्याची नजर वर येत नव्हती. दवाखान्याच्या साहेबांनी सांगितलं, आम्ही फक्त जागा दिली, पेशंट कंपनीचे. कंपनीचा फोन बंद. सगळ्यांना बाहेर काढून दाराला कुलूप लागलं.

शिशिर दुसऱ्या दवाखान्यात नंबर मिळतो का बघायला स्कूटरवर धावला आहे. तो अजून परतला नाही. काचेतून मला दिसतं आहे, दिवाकररावांचे ओठ निळे पडत चालले आहेत. प्रमोदिनीबाई त्यांच्या छातीवरून हात फिरवत पुन्हा पुन्हा म्हणतात, "मीच थांबवलं जी तुमाले. मीच." नाही हो बाई, तुम्ही नाही! मशीनच्या दोन दिवसांच्या विश्रांतीनं कोणी मरू नये एवढी तरी सोय या राजधानीत असायला हवी होती.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी बोध सांगायचा असतो. मोठे झालात की नव्या पाटीसमोर टाळ्या वाजवण्याआधी विचारा, ही वस्तू कोणाची, आणि तिचा मालक कोणाचं देणं लागतो? माझ्या अंगावरची धूळ नंतर पुसा. हे सगळं नंतर. आत्ता तुमच्यापैकी जो कोणी जवळ असेल त्यानं धावत जाऊन एखाद्या मोठ्या माणसाला बोलवा. काकांची मान कलली आहे. मी तयार आहे, माझ्यात पाणी भरलेलं आहे. दार उघडा हो कोणीतरी.