नळीचं शेवटचं टोक

“छाया, घरात नळी दिसली तर भांडत नको बसू. तिच्या शेवटच्या टोकाशी जाऊन बस, अन् काय टपकते ते पाह्य.”

सासूबाई गेल्या, पण त्यांचं हे सांगणं कानातून गेलं नाही. त्यांचा धाकटा मुलगा, माझे दीर वामन, बोरगावच्या संत्र्याच्या वाडीत मोहाची दारू गाळायचे. मडकं, नळी, थंड पाण्याचं टाकं. गाळता गाळता पिऊ लागले आणि त्यातच गेले. शेवटच्या दुखण्यात सासूबाईंनी माझा हात धरला होता. दारू या घरात पुन्हा येऊ देणार नाही, असा मी त्यांना शब्द दिला.

म्हणून यंदा श्रावणात माझ्या मुलाच्या, सौरभच्या खाटेखाली नळ्या दिसल्या तेव्हा झाडू हातातच राहिला.

चातुर्मासात आंघोळीपासून नैवेद्यापर्यंत माझं मौन असतं. खुणाही करायच्या नाहीत. त्यामुळे विचारायची सोय नव्हती. खोक्यात काचेसारख्या नळ्या, तांब्याचा चौकोनी ठोकळा, छोटी टाकी आणि मोटारीच्या तोंडाशी असते तशी जाळी. बाजूला बाटल्या. झाकण काढून हुंगलं. वास नाही. वास घालवायचीही सोय केली वाटतं, असं मनात आलं.

तेवढ्यात पांढुर्ण्याहून त्याचा दोस्त अंकुश आला. दोघं दार लोटून कागदावर काहीबाही आखू लागले. मी शेजारी देवापुढे वाती वळत होते.

“टाकी पंपाच्या वर ठेव बे, नाही तर पंप हवा ओढते,” अंकुश सांगत होता.

“गरम इकडून निघन, जाळीत थंड होईन, मंग परत टाकीत.”

“अन् आवाज?”

“आवाजच तर नाही पाह्यजे. बाजूच्या खोलीत बी समजलं नाही पाह्यजे.”

बाजूच्या खोलीत मीच होते. दोघं चहाला बाहेर पडले तशी मी उठले आणि नळ्या, ठोकळा, सगळं गव्हाच्या कोठीत खुपसलं. मौन मोडलं नाही. मनाचं मात्र सांगत नाही.

नैवेद्य झाला आणि सौरभ स्वयंपाकघराच्या दारात आला. “आई, माह्या नळ्या पाह्यल्या काय?”

“पाह्यल्या. आधी सांग, काय गाळून राहिला?”

“गाळून?”

“तुझ्या काकाचं बी असंच लपूनछपून सुरू झालं होतं.”

आधी समजलं ते अंकुशला. तो भिंतीला टेकून हसत सुटला. “काकू, याच्यातून काढली तर पहिल्या धारेची विमानाच्या तिकिटाहून महाग पडन!”

सौरभ हसला नाही. मला खोलीत नेऊन त्याने कॉम्प्युटर कामाला लावला. पंखे घोंघावू लागले. “याच खोलीत मी दुकानांच्या जाहिरातीचे आवाज भरतो. लोक म्हणतात, मागं पिठाची चक्की चालून राहिली काय? कॉम्प्युटरची गरमी या नळ्यांतल्या पाण्यानं ओढून घेतली का पंखे हळू चालतात.”

“विजेत पाणी?”

“नळीच्या आत राहते, आई.”

“अन् गळलं तर?”

“तर मशीन गेली. माहं कामबी.”

मी कोठीतून सगळं काढून दिलं. एका नळीत गव्हाचा दाणा अडकला होता. अंकुशने ती बाटलीतल्या शुद्ध पाण्याने धुतली आणि “नैवेद्य दाखवला काकूनं” म्हणाला. संध्याकाळपर्यंत जोडणी झाली.

“उद्या कॉम्प्युटर बंद ठेवून निस्ता पंप चालवाचा हाये,” सौरभ म्हणाला. “जोडांखाली कोरडे कागद ठेवतो. थेंब दिसला का बटन बंद. पण मले सकाळीच पांढुर्ण्याले जाणं हाये. तू बसशील?”

“माहं मौन असन.”

“मंग तर बरंच,” अंकुश म्हणाला. “अन् काकूएवढं संशयी माणूस साऱ्या जिल्ह्यात भेटाचं नाही.”

“बसन,” मी म्हणाले.

सकाळी तो पंप लावून निघून गेला. मी आंघोळ करून पाट आणि माळ घेऊन त्याच्या खोलीत आले. पंपाचा आवाज कान दिला तरच येत होता. चष्मा पदराने पुसला. सगळे जोड एकदा निरखले आणि नळीचं पाणी जिथे टाकीत परततं, त्या शेवटच्या टोकाशी पाट मांडला. तिथल्या कागदाला बोट लावून पाहिलं. कोरडा होता. मी माळेचा पहिला मणी धरला.