साळूमावशीची साक्ष

श्रीगोंदा ते नगर धावणारी ती सर्व्हिस मोटार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आजही तिची आठवण झाली की हसू येते. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली असे. ती पेटून गाडी हलेपर्यंत उतारूंच्या निम्म्या गप्पा होऊन जात. मोठा चढ आला की सगळ्यांनी उतरायचे, हसत-बोलत चालायचे आणि वर जाऊन पुन्हा बसायचे. कुणाला घाई नव्हती.

ड्रायव्हर होता कारभारी. कुणाची औषधाची बाटली आणावी, कुणाच्या सासुरवाशिणीला निरोप पोचवावा, असा सगळ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस. पण तो पीत असे. गावाला हे ठाऊक होते. "पितो, पण हात पक्का हाय गड्याचा!" असे लोक वर कौतुकाने म्हणत.

त्रेचाळीस सालच्या माघात एका लग्नाचे जेवण आटोपून कारभारी भर दुपारी गाडीवर बसला. कोळगावच्या पुढे वळणावर गाडी रस्ता सोडून चरात कलंडली. बाकीचे खरचटण्यावर निभावले. भाजी विकायला निघालेल्या साळूबाईचा उजवा हात मात्र मोडला. नगरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा हात बांधला आणि कारभाऱ्याच्या तोंडाला दारूचा वास येत असल्याचेही लिहून ठेवले. खटला उभा राहिला. कारभारी जामिनावर घरी आला.

मोटारीचा मालक दुसऱ्याच दिवशी येऊन बसला. "स्टेरिंग तुटलं म्हनायचं. अन् साळूबाईनं सांगायचं, ड्रायव्हर पेला नव्हता म्हनून. मंग कोन काय करतंय?"

मालक गेल्यावर बायको चांगुणा म्हणाली, "अवं, मालकाला त्याच्या गाडीची काळजी. तुमी आधी वकिलाला इचारा. शिकलेल्या मान्साचं ऐकावं."

नगरला शामकांतराव नावाचे वृद्ध वकील होते. गरिबाची फी ते कधी मागत नसत. कारभाऱ्याने सांगितलेली स्टेरिंगची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"कारभारी, वैद्याला दुखणं चुकीचं सांगितलंस तर तो औषध कुठलं देणार? मी तुझा वकील आहे. इथलं बोलणं बाहेर जायचं नाही. पेला होतास?"

कारभाऱ्याची मान खाली गेली. "व्हय साहेब. पन साळूमावशी साक्ष देईल, पेलो नव्हतो अशी."

"तिला विचारलंस?"

"न्हाई अजून."

"मग आधी तिच्याकडे जा. तिच्या तोंडाकडे बघून विचार. आणि हेही सांग, की कोर्टात खोटं बोलणं हा गुन्हा आहे. पकडली गेली तर तुझ्याबरोबर तीही पिंजऱ्यात उभी राहील. खोट्या साक्षीदाराला मी उभं करणार नाही. तरी ऐकून ये ती काय म्हणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी साळूबाईच्या दारात उभा राहिला. ती डाव्या हाताने चूल फुंकत होती. त्याने चाचरत सगळे सांगितले, खोट्या साक्षीला शिक्षा असते हेही सांगितले.

साळूबाईने फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाली, "देते की साक्ष. तुझ्या लेकरांकडं बघून देते. फकस्त येक सांग बाबा, शपथ घेताना हात वर करावा लागतो म्हनं. उजवा तर उचलत न्हाई. डावा चालंल का?"

कारभारी तिच्या बांधलेल्या हाताकडे बघत राहिला. ज्या म्हातारीचा हात आपण मोडला, तिलाच आपण दुसऱ्या हाताने खोटे बोलायला लावतो आहोत! तो मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला.

"नको मावशी! तू काय बी बोलू नगं. पेलो हुतो मी. मीच सांगीन!"

"रडू नगंस," साळूबाई म्हणाली. "वास मला बी आल्ता त्या दिशी. गाडीत सगळ्यास्नी आल्ता. पन बाजार चुकंल म्हून म्या बोलले न्हाई. माजी बी चूकच हाय."

कारभारी तसाच नगरला गेला. शामकांतरावांनी आता कागद बारकाईने वाचले. अपघातानंतर ड्रायव्हर पळून गेला, असेही फिर्यादीत आले होते. ते मात्र खरे नव्हते. कारभाऱ्यानेच साळूबाईला उचलून बैलगाडीत घातले होते आणि दवाखान्यापर्यंत तिच्या उशाशी बसून राहिला होता.

"जे केलंस ते कबूल कर," वकील म्हणाले. "जे केलं नाहीस, त्यासाठी मी भांडतो."

कोर्टात कारभारी सरळ उभा राहिला. "व्हय सरकार, दारू पिऊनच गाडीवर बसलो हुतो." मग शामकांतराव उठले. त्यांनी साळूबाईला उभे केले, आणि तिने घडले तेवढेच सांगितले. पळून गेल्याचा आरोप गळाला. पंधरा दिवसांची साधी कैद झाली आणि लायसन वर्षभरासाठी बंद झाले. मालक म्हणाला, "खुळा हाय!" चांगुणेने मात्र देवापुढे साखर ठेवली.

वर्षाने नवऱ्याला पुन्हा गाडी मिळाली तेव्हा तिने स्वतः त्याला स्टँडवर पोचवले. उतारू घुटमळत होते. साळूबाई पुढे झाली, त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन तिने सगळ्यांदेखत हुंगले, आणि म्हणाली, "बसा गं बायांनो, न्हाई येत वास!" सगळी गाडी हसली. सगळ्यांत मोठ्याने कारभारी हसला. त्यानंतर कितीतरी वर्षे रोज सकाळी कुणी ना कुणी उतारू त्याला हुंगूनच गाडीत चढे, आणि तो मुकाट्याने तोंड पुढे करी.

ती गाडी गेली, ती माणसेही गेली. पण वाचकहो, एवढे ध्यानात ठेवा. हाती वाहन असताना दारूला शिवू नका. चूक घडलीच तर वकिलाकडे जरूर जा आणि त्याला खरे तेच सांगा; कायदा खऱ्या माणसाचीही बाजू घेतो. आणि शेजारी बसलेल्याच्या तोंडाला वास आला, तर बाजार चुकला तरी चालेल, पण गप्प बसू नका!