बिनभोकाची बांधी

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही; लाखनीहून सायकलीवर निघालं की एक बिडी संपायच्या आत येतं. तिथल्या शेतीच्या ऑफिसात पुण्याचे साहेब आले. धानाच्या मुलखात आले खरे, पण धुळीच्या धाकानं जीपमधून खाली उतरत नसत. धान त्यांनी पाहिला तो ताटात आणि तक्त्यात.

भोजराज तिथं चपराशी. नऊ वर्षं झाली तरी टेम्पररी. कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता.

बाईसाहेबांना झाडांचा शौक. कान तुटलेले कप, जॅमच्या बाटल्या, डालड्याचे डबे, एक गळ्यात पोचा आलेली किटली, अशी सतरा भांडी ऑफिसच्या व्हरांड्यात. मनीप्लँट काय, कॅक्टस काय. एकाही भांड्याला भोक नाही. म्हणून बाई तळाशी गिट्टी घालत आणि पाणी चमच्यानं देत, लेकराला औषध द्यावं तसं.

जुलैत दोघं महिनाभर रजेवर निघाले. बाई भोजराजला म्हणाल्या, "या भांड्यांना भोकं नाहीत. पाणी जपा." साहेबांनी जीपमध्ये बसता बसता सांगून टाकलं, की झाडं हिरवी दिसली तर आल्याबरोबर सही.

आता पाणी जपणं म्हणजे आमच्याकडे काय, हे पुण्याला कोण सांगणार? बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेला धानाचा तुकडा; तिच्यातलं पाणी जपायचं, म्हणजे खेकड्याला धुऱ्यात भोक पाडू द्यायचं नाही आणि चार बोटं पाणी कायम उभं ठेवायचं. भोजराजचा बाप सेवकराम अशा एका भोकापायी सख्ख्या भावाशी तीन वर्षं बोलला नव्हता. इथं तर सतरा बांध्या, आणि एकही फुटकी नाही! भोजराजनं सगळ्या काठोकाठ भरल्या.

आठव्या दिवशी झाडांनी माना टाकल्या. त्यानं आणखी पाणी ओतलं. पंधराव्या दिवशी किटलीतून असा वास सुटला, की हेडक्लार्क घनश्याम आजारपणाची रजा टाकून घरी गेला. व्हरांड्यातल्या बेडकांनीही बदलीचा अर्ज दिला म्हणतात. मी तो पाहिलेला नाही.

भोजराज घरी डोकं धरून बसला. बायको मंदाबाई नुकतीच धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करून आली होती, पायाचा चिखल वाळलाही नव्हता. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"उभ्या पान्यात काय जगते?"

"धान."

"मंग बसून काहून राहिले? आपले पऱ्हे उरले हायेत ना."

दुसऱ्या दिवशी सतराही भांड्यांत धानाची रोपं लागली. पंधरा दिवसांत व्हरांडा असा हिरवा झाला, की गाई फाटकाशी थांबू लागल्या.

साहेब परतले. बाईंनी आपली झाडं कुठं गेली म्हणून विचारलं. भोजराज पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला, पाणी जपलं तर अशी झाली जी. साहेबांनी एक पातं बोटांत चोळलं, वास घेतला.

"शोभेचं गवत आहे. जपानी असावं."

त्याच दिवशी सही व्हायची. पण नागपूरहून मोठे साहेब आले, त्यांना गवत आवडलं, दोन कप त्यांच्या बंगल्यावर गेले, आणि अकरा ऑफिसांना परिपत्रक निघालं, की जपानी गवत लावावं. भोजराजची सही लांबली: आधी गवत टिकतं का पाहू.

टिकलं. दसऱ्याच्या तोंडावर पुंडलिकराव नावाचे कास्तकार शेतीच्या काही कामानिमित्त ऑफिसात आले आणि व्हरांड्यात थबकले. "साहेब," ते अगदी कौतुकानं म्हणाले, "तुमचा हलका धान निसवला जी."

साहेबांनी वाकून पाहिलं. किटलीतून लोंब्या डोकावत होत्या. त्यांनी भोजराजला आत घेऊन दार लावलं.

"तुला माहीत होतं?"

"हो जी."

"मग बोलला का नाहीस?"

"साहेब, तुमी शेतीचे साहेब. तुमच्या तोंडून गवत निघालं, मंग मी धान कसा म्हनू?"

परिपत्रक मागं घ्यावं, तर मोठ्या साहेबांनाही धान ओळखता आला नव्हता असं लेखी ठरत होतं. साहेबांनी भोजराजचा कागद ओढून सही केली. अट एकच: अकराही ऑफिसांत फिरायचं आणि लोंबी बाहेर पडायच्या आत छाटायची.

भोजराज कायम झाला. सायकल मिळाली, कात्री मिळाली. लोंबी कापायचा पगार मिळतो हे ऐकून सेवकराम त्या दिवशी जेवला नाही. जन्म त्यानं लोंबीची वाट पाहण्यात घातला होता. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं स्वतःच कात्रीला धार लावून दिली. नोकरी कायम होती ना.