कमी फेसाचा नमुना

मोजपात्रातला फेस एकदम खाली बसत नाही. आधी काचेला टेकलेले बुडबुडे फुटतात, मग मधला डोंगर जरा कलतो आणि त्यानंतर बराच वेळ काही होतच नाही. पाहणाऱ्याला वाटतं, आता हा असाच राहणार. धाकटी हे रोज सकाळी पाहायची. तिच्या भावाचा भांडी घासायच्या साबणाचा, म्हणजे बाटलीतल्या पातळ साबणाचा, लहानसा कारखाना होता. त्या कारखान्याची प्रयोगशाळा म्हणजे धाकटी, एक ओटा आणि एक खिडकी.

खिडकीत एक बाटली उभी होती. तिच्यात कमी फेसाचा नमुना होता. त्याने भांडी तेवढीच स्वच्छ निघत. धाकटीने पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं होतं. फेस भांडी घासत नाही, तो नुसता दिसतो. आणि तो भरपूर दिसावा म्हणून कारखान्यात जे ओतत, ते ताटावरच्या तेलाबरोबर हाताचंही तेल ओढून नेई. घरात वापरायचा तो आपलाच साबण, असा दादाचा नियम होता. त्यामुळे वहिनीच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. वहिनीने तक्रार केली नाही. फक्त मीठ चिमटीने घ्यायचं सोडून ती चमच्याने घ्यायला लागली.

धाकटीने ते पाहिलं आणि नमुना बनवला. दादाने नमुना पाहिला आणि "बघू" म्हणाला. फेस नसेल तर गिऱ्हाइकाला वाटेल आपण पाणीच विकतो, हे त्याचं म्हणणं. बाटलीवरची चिठ्ठी उन्हाने पांढरी पडली, धाकटीने नवी चिकटवली, तीही पांढरी पडली. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

पुढे खप घसरला तेव्हा दादाने जाहिरातीचा सल्लागार आणला. तो प्रत्येक वाक्याची सुरुवात "पुढच्या वर्षीचा ट्रेंड" अशी करी, म्हणून बाटल्या भरणाऱ्या बायकांनी त्याचं नाव ट्रेंडभाऊ ठेवलं. पुढच्या वर्षी म्हणे गुळगुळीत जाहिराती कुणी पाहणार नव्हतं. लोकांना मोबाइलवर खरी माणसं हवी होती, जमल्यास थोडी घामेजलेली. त्याने प्रयोगशाळेतल्या कपाटावर कॅमेरा ठेवला आणि तो तिथे नाहीच असं समजायला सांगितलं. दोघं भावंडं आज्ञाधारक. त्यांनी खरोखरच तसं समजून घेतलं.

त्यामुळे पहिल्याच व्हिडिओत गेलं ते हे. धाकटी विचारते, "दादा, त्या बाटलीचं काय करायचं?"

दादा छताकडे पाहतो. "बघू."

"मागच्या वर्षीही बघूच म्हणालास."

"मग? शब्द फिरवला का मी?"

हा व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. घरोघरी एक दादा असतो, असं लोकांच्या प्रतिक्रियांवरून दिसलं. खप वाढला. ट्रेंडभाऊने दर आठवड्याला तेच भांडण मागितलं आणि नव्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरात "बघू" छापून घेतलं. धाकटीच्या लक्षात आलं, की आता तिचा प्रश्न हाच कारखान्याचा सगळ्यात खपणारा माल आहे. त्याला उत्तर मिळालं तर माल संपेल. म्हणजे उत्तराची जी काही आशा होती तीही गेली.

प्रतिक्रियांना उत्तरं द्यायला ट्रेंडभाऊने यंत्र नेमलं होतं, तोही ट्रेंडच. एका बाईने लिहिलं, तुमच्या साबणाने माझे हात फुटले. यंत्राने तिला लाल बदाम पाठवला आणि तिच्या प्रेमाबद्दल आभार मानले. धाकटीने हे दादाला वाचून दाखवलं. यंत्र नम्र आहे, असं दादाचं मत पडलं.

मग आणखी एक ट्रेंड आला. मालकाने आपला माल स्वतः वापरून दाखवायचा. दादाने जन्मात कप विसळला नव्हता. पहिल्या दिवशी त्याने पातेलं फक्त बाहेरून घासलं आणि उपडं घातलं. लोक खूश झाले, म्हणून आणखी भांडी मागवली गेली. एकेक दृश्य पुन्हा पुन्हा घ्यावं लागे. कधी उजेड चुके, कधी ट्रेंडभाऊला फेस कमी वाटे, आणि दादा आणखी साबण ओतून परत घासायला लागे. एकदा वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"घरी कधी दिसलं नाही हे कौतुक," ती म्हणाली.

"घरी कॅमेरा नाही," दादा म्हणाला.

असे बरेच आठवडे गेले. एका दुपारी तिघं जेवायला बसली असताना दादाने मिठाचं भांडं ओढलं, बोटं आत घातली आणि लगेच बाहेर काढली. मग त्याने चमचा शोधला. धाकटीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने आपली मलमाची डबी त्याच्या ताटाशेजारी सरकवली.

"ज्याचं जळतं त्याला कळतं," ती म्हणाली आणि जेवत राहिली.

वहिनीच्या उजव्या हाताकडे दादा इतका वेळ पाहत राहिला, की शेवटी तिनेच तो हात पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा सुरू झाला. दादाने हात पाण्यात घातले आणि दात आवळले. धाकटीने नेहमीचा प्रश्न विचारला, नेहमीच्याच आवाजात, कारण आता तो पाठ झाला होता. "दादा, त्या बाटलीचं काय करायचं?"

दादा पाण्यातल्या आपल्या हातांकडे पाहत राहिला. विसरला असेल असं वाटून ट्रेंडभाऊ कॅमेऱ्यामागून कुजबुजला, "सर, बघू."

दादाने हात बाहेर काढून एकेक बोट पुसलं. या वेळी त्याने छताकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहिलं.

"याने भांडी निघतात ना नीट?"

"निघतात," धाकटी म्हणाली. "पहिल्यापासून निघतात."

"सर, 'बघू'च्या बाटल्या छापून आल्यात," ट्रेंडभाऊ आता कुजबुजत नव्हता.

"छापलेलं राहू दे," दादा म्हणाला. "आत सोमवारपासून हा भरायचा. तो फेस बंद."