सहा फुटांचा अबोला

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. खरे सांगायचे तर, अर्धा बाक. पुण्याच्या मांजरी गावाजवळच्या एका चित्रीकरणगृहात रहीमभाई सुतारांनी मला घडविले. दूरचित्रवाणीच्या एका मालिकेत दोन जावांचा अबोला दाखवायचा होता. दिग्दर्शक सौरभ त्यांना म्हणाले होते, "दोघींच्या मध्ये तिसरं माणूस निवांत मावलं पाहिजे." म्हणून माझी लांबी मोजून सहा फूट.

सहा वर्षे माझ्या डाव्या टोकाला थोरल्या जावेच्या भूमिकेत दुर्गाबाई बसल्या आणि उजव्या टोकाला धाकटीच्या भूमिकेत निशा. मधली रिकामी जागा दोघींहून अधिक बोलत असे. दुर्गाबाई बसण्यापूर्वी मला पदराने पुसत. ते संहितेत नव्हते.

मग मालिका संपली. तिचेच दोन-दोन मिनिटांचे भाग मोबाइलसाठी करावयाचे ठरले. दुर्गाबाईंच्या हाती आता तेवढेच काम उरले होते. पहिल्या सकाळी कॅमेरा उभा लावला गेला, आणि त्या अरुंद चौकटीत माझा मधला भाग तेवढा दिसला. रिकामा.

"मॅडम, जरा जवळ सरका. फ्रेममध्ये नुसतं लाकूड येतंय," सौरभ म्हणाले.

"अहो, अबोला धरलेल्या जावा मांडीला मांडी लावून बसतात होय? मग भांडण मिटलंच म्हणायचं. जिलबी मागवा," दुर्गाबाई म्हणाल्या.

निशा हसली. सौरभ हसले नाहीत.

"मग एकटी धाकटीच घेऊ. आणि रहीमभाई, हा बाक अर्धा करा. फ्रेममध्ये पुरा दिसायला हवा."

"आणि मी?" दुर्गाबाईंनी विचारले.

"तुमचा आवाज वापरू ना, मॅडम. जुना रेकॉर्ड केलेला आहेच."

रहीमभाईंनी करवत दुसऱ्याच्या हाती दिली नाही. "दुसरा कापणार नाही, फाडेल," एवढेच ते म्हणाले. माप त्यांना पाठ होते. तरी त्यांनी तीनदा मोजले.

उजव्या अर्ध्याला दोन नवे पाय मिळाले. मी डावा. गोदामात कोण बसणार, म्हणून माझ्या कापलेल्या टोकाखाली दोन विटा सरकवण्यात आल्या.

निरोप घ्यायला दुर्गाबाई गोदामात आल्या. मला पदराने पुसून सवयीने बसू लागल्या, तोच विटा निसटल्या आणि मी कलंडलो. रहीमभाईंनी त्यांना कसेबसे सावरले.

"बघा, रहीमभाई," त्या म्हणाल्या, "सहा वर्षांत आज पहिल्यांदा यानं मला बसू दिलं नाही."

रहीमभाई खाली वाकून निसटलेल्या विटा उचलू लागले.

माझा उजवा अर्धा आता लाखो तळहातांवर दिसतो म्हणे. धाकटी एकटीच बसते. थोरलीचा जुना आवाज कुठूनसा येतो.

मित्रांनो, करवत उचलण्यापूर्वी त्या टोकाला कोण बसत होते, एवढे तरी विचारीत जा. मला पुन्हा सांधू नका. दोन पाय लावा, पुरे. बाई पुन्हा आल्या, तर त्यांना पडू द्यायचे नाही.